गौरीसाठी आणलेल्या गोळ्या

आजारी मी नव्हतो. आजारी माझी सून होती, मधुरा. पण लिहायचं मी, असं तिनंच ठरवलं. आमच्या मंडळाचा गणपतीचा अंक निघतो, त्यात ती दरवर्षी काहीतरी लिहिते. यंदा संपादकबाईंनी तिला तिच्या दुखण्यावर लिहायला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझं लिहिलेलं बायका वाचतील. त्यांना अर्धं आधीच माहीत असतं. बाबांना लिहू दे, म्हणजे पुरुष वाचतील."

मी चौथी शिकलेला माणूस. उभं आयुष्य दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात, स्वयंपाकघरात गेलं. शेवटी मुख्य आचारी होतो. महाराष्ट्रातून येणारे मोठमोठे साहेब जेवून झाल्यावर आत येऊन हात जोडून जायचे. त्याचा मला ताठा आहे, लपवत नाही. माझं चुकलं असं म्हणायची जिभेला सवय नाही. भाजी खारट झाली तरी मी म्हणायचो, आज मीठच जास्त कडक आलंय.

तेव्हा वाक्य कुठं तुटलं तर समजून घ्या. शिक्षण कमी म्हणून तुटलं असेल, किंवा लाज वाटली म्हणून.

कागदाची पुडी

आम्ही नोएडात राहतो. मुलगा नितीन गुडगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मधुरा पुण्याची, तीही नोकरी करते, घरूनच, कानाला ते यंत्र लावून. नात इरा तेव्हा दुसरीत होती. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली.

आमच्या घरी गौरी उभ्या असतात. पितळेचे मुखवटे माझ्या आईनं साताऱ्याकडून ट्रंकेत साडीत गुंडाळून आणलेले. बायको होती तोवर तिनं सगळं केलं. ती गेल्यावर ते मधुरावर आलं, कारण घरात दुसरी बाई नाही. आणि त्याच दिवसांत घरच्या बाईची अडचण आली तर काय करायचं, हा प्रश्न आमच्यात तोंडानं कुणी विचारत नाही. त्याला गोळ्या असतात. पाळी पुढं ढकलायच्या. लग्न, मुंज, सत्यनारायण, वैष्णोदेवीची यात्रा, कशालाही चालतात. लक्ष्मीबाई नगरातली सरकारी क्वार्टरं घ्या की फौजेतली, श्रावण उतरला की मराठी घरांत ही गोळी येते. प्रसादाच्या बेदाण्यांबरोबर आल्यासारखी येते.

माझी बायको घ्यायची. तिची पावलं सुजायची, डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. मला वाटायचं सणाची दगदग.

त्या गोळ्या आणायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. केमिस्टला मी एवढंच म्हणायचो, "वो त्योहार वाली देना." तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून द्यायचा. ती पुडी मी हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवायचो आणि म्हणायचो, "गौरी जवळ आल्यात." झालं. घाणेरडा शब्द नाही, काही नाही. सासरा-सुनेत असंच असावं, याचं मला मोठं कौतुक होतं.

दोन वर्षांपूर्वी मी पुडी ठेवली तेव्हा मधुरा लॅपटॉप मिटून उठली.

"बाबा, मी आधीपासून एक गोळी घेते. डॉक्टरांनी दिलेली, रोजची. त्याच्यावर ही घ्यायची का ते..."

"ते मला सांगू नकोस. बायकांचं बायकांनी बघावं."

"इथे दुसरी बाई कोण आहे, बाबा?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

ती रोजची गोळी पाळीच्या तक्रारीसाठी होती, आणि दुसरं मूल इतक्यात नको म्हणूनही. हे मला मागाहून कळलं. ती सुरू झाल्यापासून तिचं वजन वाढलं होतं, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा, अधूनमधून डोकं धरून बसायची. मी काय म्हणायचो? "लिफ्टनं वरखाली करून अंग सुटतं माणसाचं. तुझी सासू क्वार्टरचे जिने चढायची." ती हसायची. मला वाटायचं, सून समजूतदार आहे.

तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला होता. दवाखाना सुट्टीवर होता. सण कुणासाठी थांबत नाही, आणि घरात मी होतो. तिनं गोळ्या सुरू केल्या.

लाटणं

हरतालिकेला तिनं कडक उपास धरला, पाण्याशिवाय. दिल्लीचा भाद्रपद, घाम नुसता निथळतो. "थोडं पाणी घेऊ का?" असं तिनं नितीनला विचारलेलं मी ऐकलं, आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं देवघरातून म्हणालो, "हिच्या सासूनं एकदाही मोडला नाही."

त्या दिवशी डोकं धरलं ते सुटलं नाही. गणपती आले, मोदक झाले, ती एका हातानं कपाळ दाबत दुसऱ्यानं ताटं वाढत होती. मी सुंठ उगाळून दिली. गौरी आल्या त्या दिवशी तिला उलट्या झाल्या. मी म्हणालो, "पित्त आहे. कोकम घे." नितीन कंपनीच्या कामानं बंगळूरला गेला होता, दुसऱ्या दिवशी, पूजनाच्या संध्याकाळी यायचा होता.

पूजनाच्या सकाळी पुरण मी शिजवलं, कारण माझ्यासारखं पुरण दिल्लीत कुणाला जमत नाही. पोळ्या ती लाटत होती. मी तव्यापाशी. पाठीमागं लाटणं पडल्याचा आवाज झाला. मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"नैवेद्याची पोळी आहे. जरा हात सांभाळून."

उत्तर आलं नाही. वळलो तर ती डाव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी. मग तिचे डोळे फिरले आणि ती ओट्याला घासत खाली आली. फिट आली होती. तोंडातून फेस. तव्यावरची पोळी करपत होती. आणि मी, खरं सांगतो, आधी गॅस बंद केला. पोळी काढून ठेवली. मग ओरडलो.

शेजारच्या चावलाबाई धावत आल्या. त्यांनी इराला उचलून आपल्याकडे नेलं, त्यांच्या नवऱ्यानं गाडी काढली. मधुराच्या हाताला कणीक वाळून तशीच राहिली होती. पदराला पुरण.

"नहीं"

इमर्जन्सीमध्ये खाटेला खाट लागलेली. पडदे होते पण कुणी ओढत नाही. मधुरा गुंगीत होती, विचारलं तर नुसती हुं करायची. एक तरुण डॉक्टरीण आली. मानेवर घाम, हातात पेन.

"अंकल, आप क्या लगते हो इनके?"

"ससुर."

"पहले कभी दौरा पड़ा है? शुगर, बीपी? प्रेग्नेंट तो नहीं?"

मी मान हलवत होतो.

"कोई दवाई लेती हैं? कोई भी गोली?"

पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचे चार नातेवाईक उभे होते. चावलासाहेब माझ्या खांद्याशी. दारात गार्ड. सगळे पुरुष. मला ती पुडी दिसत होती, हळदीकुंकवाच्या डबीशेजारची.

"नहीं," मी म्हणालो.

एवढाच शब्द. तिनं तो लिहून घेतला.

मग मी उपासाचं सांगितलं. ते सांगायला मला जड गेलं नाही, उलट थोडा अभिमानच वाटला. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही ठळक दिसलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, उपासानं अंगातलं पाणी कमी झालं असेल, सलाईन लावतो, लक्ष ठेवतो. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, पित्तच आहे. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो आणि देवाला सांगितलं, नैवेद्य राहिला, माफ कर. अजूनही माझ्या डोक्यात नैवेद्य होता.

दुपारी तिला दुसरी फिट आली, पहिल्यापेक्षा मोठी. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. ओसरली तेव्हा डॉक्टरीण तिला म्हणत होती, "हाथ उठाओ, मधुरा. बायां. ये वाला. उठाओ." हात उठला नाही. डॉक्टरीण माझ्याकडे आली. या वेळी तिनं पेन खिशात ठेवलं होतं.

"अंकल, सोच के बताओ. पीरियड की कोई गोली? बच्चा न ठहरे, उसकी? कुछ भी?"

पुन्हा तेच सगळे उभे. पलीकडचे चौघे आता सरळ आमच्याकडेच बघत होते. माझ्या तोंडात मराठी शब्द आला, मग हिंदी शोधला. भटारखान्यात चाळीस माणसांवर ओरडलेला माझा आवाज फुटेना. मग फुटला तो एकदम मोठाच फुटला.

"महीना रोकने की गोली. मैंने लाकर दी थी. और एक रोज़ वाली भी लेती है."

मला वाटलं होतं, डॉक्टरीण मला काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. वळली आणि फोनकडे धावत गेली. मधुराला शिरांचा वेगळा फोटो काढायला नेलं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती.

पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगितलं असतं, तर तिचा हात वाचला असता का? मी मोठ्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही." ते भले गृहस्थ होते. मी तेवढा भला नाही. मला माहीत आहे.

दूध आणि विरजण

मोठे डॉक्टर महाराष्ट्रात शिकलेले निघाले, मराठी कळायचं त्यांना. त्यांनी मला खुर्ची दिली आणि चित्र काढून समजावलं. मी माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर चूक माझी, त्यांची नाही.

बाईच्या अंगात दोन मुख्य हुकूम फिरतात, डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. कधी बीज सोडायचं, कधी पाळी यायची, ते त्यांच्यावर चालतं. गोळीत तेच हुकूम बाहेरून येतात. मग अंगातल्या मूळ कारखान्याला वाटतं, माल येतोय, आपण थांबू. तो गप्प बसतो. म्हणून मूल राहत नाही, म्हणून पाळी लांबते. पण हुकूम एकट्या गर्भाशयाला जात नाही, सगळ्या अंगात जातो. कुणाचं अंग मीठ-पाणी धरून ठेवतं, मग पाय सुजतात. कुणाची भूक बदलते, कुणाची साखर आणि चरबी थोडी इकडंतिकडं होते, कुणाचं मन उदास होतं. पुष्कळ बायकांना यातलं काहीच होत नाही. आणि यकृत, ते अंगाचं स्वयंपाकघरच, ते रक्त गोठवणारा माल जरा जास्त करायला लागतं.

मी म्हणालो, "म्हणजे दुधात विरजण जास्त पडलं."

ते म्हणाले, "तसंच समजा. रोजच्या गोळीनं थोडं पडतच होतं. सणाच्या गोळीचा काही भाग अंगात जाऊन त्याच जातीचा होतो, ते आणखी पडलं. त्यात पाणी न पिऊन तुम्ही दूध आटवलंत."

"तुम्ही" म्हणाले ते. सहज म्हणाले असतील.

आणि एक गोष्ट. मधुराच्या आईला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती. हे विहीणबाईंनी आल्या आल्या डॉक्टरांना सांगितलं. रोजची गोळी लिहून घेताना मधुरालाही ते सांगायचं सुचलं नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घरात असं कुणाला झालेलं असेल तर या गोळ्या द्यायच्या आधी दहादा विचार करतात.

त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, म्हणून लिहितो. हे वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद करू नका आणि घाबरू नका. लाखो बायका घेतात, त्यांचं चांगलंच होतं. फक्त डॉक्टरला विचारून घ्या आणि त्यांना सगळं खरं सांगा. आणि गोळी चालू असताना न थांबणारं नवं डोकं दुखलं, एकच पाय सुजला, दम लागला, तर पित्त म्हणून कोकम पाजू नका.

नितीन

नितीन विमानतळावरून सरळ हॉस्पिटलात आला. मधुरा आयसीयूत होती, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होती. मी त्याला बाकावर बसवून सगळं सांगितलं. कुणी आधी सांगू नये म्हणून स्वतःच सांगितलं, तेवढा मान ठेवला स्वतःचा.

त्यानं हातातली बॅग खाली ठेवली.

"गोळ्या तुम्ही आणल्यात, ते मला माहीत होतं बाबा. आईसाठी पण आणायचात. मीही काही बोललो नाही, तो माझा गुन्हा. पण डॉक्टरनं विचारल्यावर नाही का म्हणालात?"

"सगळे उभे होते."

"कोण सगळे?"

मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. "डबा आणलात का." "इराला आणा." बस. विहीणबाई माझ्याच घरात राहत होत्या, माझ्याच स्वयंपाकघरात चहा करून मला देत होत्या आणि एक वावगा शब्द बोलत नव्हत्या. एकदा फक्त पुडी त्यांच्या हाती लागली, डबीशेजारची. त्यांनी ती माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, हिचं काय करू?" मी म्हणालो, "टाकून द्या." त्या म्हणाल्या, "तुम्हीच टाका."

गौरींचं विसर्जन त्या वर्षी कुणी केलं नाही. त्या तशाच उभ्या होत्या, साड्या नेसून, पुढ्यात रिकामं ताट. मी एका दुपारी मुखवटे उतरवून ट्रंकेत ठेवले. त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

वॉर्डातले दिवस

मधुरा वॉर्डात आली तेव्हा तिला बोलता येत होतं, पण डावा हात उशीसारखा पडून असायचा आणि डावं पाऊल उचललं जात नव्हतं. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन गेलो आणि पायाशी उभा राहिलो. माफी मागायची असं घरून ठरवून आलो होतो. गाडीत पाठ केलं होतं.

ती म्हणाली, "बाबा, नैवेद्याचं काय झालं?"

"खड्ड्यात गेला नैवेद्य," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. पाठ केलेलं सगळं गेलं. वॉर्डातल्या आयाबाईंनी मला स्टूल दिलं. "रो लो बाबूजी, यहाँ सब रोते हैं," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेची चादर बदलायला गेल्या. त्या वॉर्डात माझ्यावर झालेली दया म्हणजे ते स्टूल.

"मी विचारत होते तेव्हा तुम्ही टीव्ही मोठा केलात," मधुरा म्हणाली. रागानं नाही. आठवण करून दिल्यासारखं. "मला त्याचा राग आहे, बाबा. गोळीचा तेवढा नाही. घ्यायची की नाही ते शेवटी मीच ठरवलं. पण मला एका माणसाशी बोलायचं होतं, आणि घरात तुम्हीच होता."

घरी आल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कितीतरी महिने होत्या. वरचेवर रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणे गोळी कमीजास्त करायची. पालेभाजी एक दिवस ढीगभर आणि दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, असं चालत नाही, गोळीचं गणित बिघडतं. रोज सारखीच, वाटीनं मोजून. आयुष्यात मी कधी मोजून स्वयंपाक केला नव्हता, अंदाजात माझी ख्याती. तेव्हा मोजायला लागलो. मेथीची वाटी सपाट भरायचो, जास्तीचं बोटानं काढायचो. मंडळाची बस दरवर्षी काला आंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला जाते, खिचडीचं पातेलं माझ्याकडे असतं. त्या वर्षी गेलो नाही. लोक म्हणाले, पाऊणशे लोकांची खिचडी कोण करणार? मी म्हणालो, मला एका माणसाचा वरणभात आहे.

त्या गोळ्यांनी आणखी एक झालं. तिची पाळी फार जोराची यायला लागली. रक्त पातळ, म्हणजे तसं होणारच. नितीन ऑफिसात, विहीणबाई पुण्याला परतलेल्या. एके दिवशी मधुरानं आतून हाक मारली, "बाबा, पॅड संपलेत. चावलाकाकूंना सांगता का?"

मी दारापर्यंत गेलो. त्यांच्या बेलवर बोट ठेवलं. मग काढलं, खाली उतरलो आणि स्वतः घेऊन आलो. मोठं काही केलं नाही, बाजारातून एक वस्तू आणली. पण जाताना-येताना माझे कान तापले होते, हे कबूल करतो.

हाताचा व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मऊ चेंडू दाबायला दिला. मधुराला त्याचा कंटाळा. मी म्हणालो, "चेंडू कशाला, कणीक आहे." रोज सकाळी परातीत कणीक, आणि डावा हात त्यात. पुढं उकड. तांदळाची पारी घेऊन तिनं पाकळ्या पाडायला सुरुवात केली, उजव्यानं धरायची, डाव्यानं चिमटा. पहिला महिना सगळे फाटले.

"बाबा, हा मोदक नाही, समोसा झाला."

"दिल्ली आहे. समोसाही देवाला चालेल."

"तुम्ही असं बोलता? सदनात माणसाला वाकड्या पाकळीसाठी परत पाठवायचात म्हणे."

पाठवायचो. बरोबर सांगितलं कुणीतरी तिला.

हात आता पुष्कळ आला आहे. पाऊल मात्र दमलं की घसटतं. फिटची गोळी अजून आहे. पुढं मूल हवं-नको त्याचं काय करायचं, ते त्या दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलं. ते मी लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते माझं नाही म्हणून.

केमिस्टच्या दुकानात

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मधुराची औषधं घ्यायला गेलो. केमिस्टनं मला बघितलं आणि न विचारता वर्तमानपत्राचा तुकडा फाडला.

"अंकल, त्योहार वाली?"

इतकी वर्षं त्याला माझा सण पाठ होता. मी नको म्हणालो. तेवढ्यात शेजारी एक तरुण, गळ्यात ऑफिसचा पट्टा, खालच्या आवाजात म्हणाला, "एक मुझे देना." केमिस्टनं तोच तुकडा वापरला.

मी म्हणालो, "बेटा, बीवी के लिए?"

"हां जी. घर में पूजा है."

"वो और कोई गोली लेती है? बच्चा न हो, उसकी? उसके मायके में किसी को खून का थक्का हुआ है?"

दुकान भरलेलं होतं. तरुण लाल झाला. "अंकल, आप लेडीज़ की बातें क्यों कर रहे हो यहाँ?"

"क्योंकि ख़रीद तो हम रहे हैं," मी म्हणालो. "मैं भी यहीं से ले गया था. मेरी बहू का हाथ गया." आणि मी सांगितलं सगळं, महिना, गोळी, डॉक्टर, नहीं. मागं कुणीतरी हसलं. केमिस्ट म्हणाला, "अंकल, ग्राहक खड़े हैं."

वाटलं होतं, तो तरुण पुडी परत करील. नाही केली. खिशात घालून भरभर निघून गेला. त्याच्या बायकोनं कुणाला विचारलं का, तिचं कसं आहे, मला माहीत नाही. त्याचं तोंड आठवतं. टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या माणसाचं असतं, तसं होतं.

गौर आली

गेल्या वर्षी गौरी बसवायच्या की नाही, हे मी ठरवणार नव्हतो. मधुरानं ठरवलं. "बसवायच्या. पुरण तुम्ही, पोळ्या आपण दोघं, पाणी पिऊन."

गौर आणायच्या दिवशी सकाळी मी डाळ निवडत होतो. ती येऊन समोर उभी राहिली.

"बाबा, मी आजच बाजूला झाले. सकाळी. आणि गौर मीच आणणार आहे. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ता सांगा."

खोटं बोलणार नाही. सत्तर वर्षांची सवय, ती माझ्याआधी उठून उभी राहिली. मुखवटे पाटावर होते, आईचा हात लागून नाक झिजलेले. मी डाळीतला खडा शोधत राहिलो, जरा जास्तच वेळ. ती थांबली होती. या वेळी घरात टीव्ही बंद होता.

"पाळी आलीय तर पोटात दुखतंय का?" मी म्हणालो. "बसून घे थोडं. गौर काय, दुपारी आणू."

तिचे डोळे मोठे झाले. "बाबा, तुम्ही पाळी म्हणालात."

"म्हणालो."

"परत म्हणा."

"आता डाळ निवडू दे."

आमच्याकडे दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढतात. इरानं मूठ बुडवून काढली. मधुरा मुखवटे घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आतून विचारायला बाई लागते. बाई नव्हती. नितीन माझ्याकडे बघायला लागला, मग मीच विचारलं.

"गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी?"

सोन्याच्या म्हणायचं असतं. तिनं खाली पायाकडे बघितलं. "माझ्याच पावलांनी, बाबा," म्हणाली आणि आत आली. उजवं पाऊल नीट पडत होतं. डावं दर वेळी थोडं घसटत होतं, आणि इरानं काढलेलं प्रत्येक डावं पाऊल त्याखाली फरफटून लांब लाल रेघ होत होतं. देवघरापर्यंत तशी रेघ.

संध्याकाळी मंडळाची माणसं दर्शनाला यायची होती. सवयीनं मी फडकं घेऊन फरशी पुसायला बसलो. माझ्या घरात पाहुण्यांना डाग दिसलेला नाही कधी. पहिल्या रेघेपाशी आलो आणि फडकं बाजूला ठेवून दिलं.

माणसं आली. एकानं विचारलंच, "अण्णा, तुमच्या घरी पावलं अशी कशी उमटली?"

सगळे उभे होते. मी सांगितलं.